सायकलीचं पुरुमेंत

भिकाजी मला आठवतो तो नाकातून. इतर माणसं आठवली की डोळ्यांपुढे उभी राहतात, कुणाचं बोलणं कानात घुमतं. हा मेला आधी नाकात शिरतो आणि मग पानावरून उठावंसं वाटतं. अजूनही बाजारात कुणाची तारल्यांची टोपली उन्हात राहिलेली दिसली की माझ्या तोंडून निघतंच, "भिकाजी आला वाटतं."

हा भिकाजी सावंतवाडीकडला. गोवा मुक्त होऊन तेरा-चौदा वर्षं झाली होती. शिरगावच्या बाजूला एका खाणीवर त्याला पंप चालवायचं काम मिळालं आणि मुळगावात आमच्या समोरच, सरस्वतीबायच्या घराच्या मागल्या पडवीत तो भाड्यानं राहिला. दिसायला वाईट नव्हता. उंच, सडपातळ, केसांना पाणी लावून भांग. आम्हांला वाटलं, चला, वाड्यावर एक स्वच्छ माणूस आला. माणसाच्या भांगावर विश्वास ठेवू नये हे मी तेव्हा शिकलो.

पावसात खाण खणत नाहीत, पण पंप चालू ठेवावाच लागतो. नाही चालवला तर अख्खा खड्डा भरतो आणि तळाशी ठेवलेली यंत्रं बुडतात. रात्रपाळीला डिचोलीचा बाबुराव असायचा. सकाळी सहाचा भोंगा झाला की बाबुराव पंप बंद करून घरी. सकाळचा माणूस जागेवर असला तर पंप चालू राहायचा, नसला तर त्याचं नशीब. आदल्या वर्षीचा सकाळवाला सायकलीची साखळी तुटून तासभर उशिरा पोचला. तेवढ्यात यंत्राच्या गळ्याला पाणी आलं आणि याच्या गळ्याला साहेब. त्याच दिवशी त्याला घरी पाठवलं.

साहेबानं भिकाजीला सरळ सांगून ठेवलं होतं, "चतुर्थीपर्यंत एक खाडा नको, एक उशीर नको. निभावलंस तर कायम. नाही तर तू आणि तुझी सायकल."

आणि या 'कायम'वर भिकाजीचा संसार टांगलेला. त्याची बायको देवकी आरोंद्याला माहेरी होती. तिचा बाप रामचंद्र खाडीवर होडी चालवायचा, मासे मारायचा. त्यानं ठणकावलं होतं, "नोकरी कायम झाल्याबिगर माझी चेडू मी खाणीच्या धुळीत धाडूचंय नाय." लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि नवराबायकोनं एकत्र काढलेले दिवस मोजले तर महिनाही भरत नव्हता. हे मला कसं कळलं विचारू नका. पोस्टमन कार्ड वाचतो आणि पोस्टमन माझ्या सोप्यावर पाणी पितो.

तर वैशाख आला. आमच्याकडे वैशाखात घरोघर पुरुमेंत भरतात. पावसाचे चार महिने पुरेल एवढं मीठ, मिरच्या, आमसुलं, लाकडं, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, खारे बांगडे सगळं आणून, वाळवून, मडक्यांत भरून ठेवायचं. भिकाजी एकटा माणूस. त्यानं पुरुमेंत भरलं ते सायकलीचं. दोन नव्या ट्यूब, स्पोकांची जुडी, साखळीच्या कड्या, ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून मडगार्डाला लावायला कापलेला रबरी पट्टा, आणि ब्रेकची रबरं आठ. घरात डाळ नाही, पण ब्रेकची रबरं आठ! टायर तेवढा घेतला नाही. "टायर नवोच आसा, भावोजीनू," मला म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेवा.

मग एक रविवार तो सायकल हाणत धारगळ, पेडणे करत किरणपाणीला गेला, फेरीबोटीनं पलीकडे उतरला आणि सासऱ्याला भेटून आला. येताना हँडलला वनस्पती तुपाचा एक मोठा डबा लटकवून आणला, तोंडाला फडकं बांधलेला. संध्याकाळी मी आमच्या दगडी गडग्याशी उभा होतो, सहज. त्यानं पडवीपुढे गोणपाट अंथरलं, सायकल उलटी करून तिचे सगळे अवयव सुटे केले आणि डब्याचं फडकं सोडलं.

देवा सायबा! मी गडग्यापासून दोन पावलं मागे गेलो आणि मागे शेणकुट होतं. तारल्यांचं तेल. होडीच्या फळ्या पाण्यात कुजू नयेत म्हणून मासेमार लोक लावतात ते. तारले कढवून काढायचं, उन्हात ठेवायचं, आणि जितकं जुनं तितकं गुणकारी म्हणतात. हे बहुधा पोर्तुगीज सायबाच्या काळातलं असावं. काळपट, दाट, तार धरणारं. भिकाजीनं त्यात चार बोटं बुडवली आणि साखळीला, रिमांना, स्पोकांना, सीटच्या चामड्याला, टायरच्या कडांनासुद्धा मायेनं चोळलं. एवढ्या मायेनं कुणी बाळंतिणीला न्हाऊमाखू घालत नाही. मधूनच त्याच हातानं त्यानं नाक पुसलं. मी त्या रात्री जेवलो नाही.

सरस्वतीबाय पदर नाकाला लावून बाहेर आली. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. घर, गाय, विहीर आणि सोवळं, एवढ्यावर तिचा दिवस जायचा.

"हें कसलें रे, भिकाजी?"

"औषध, काकीनू. सायकलीचा. पावसात गंजूक नको म्हणान."

"करंजेल? करंजाचें तेल?"

भिकाजीनं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तसलाच काय तरी."

"वास उग्र आसा."

"दोन दिस येतलो. मगे जातलो."

त्या दिवसांत प्रत्येकाच्या अंगणात खारे बांगडे वाळत होते, तिच्याही. सगळा वाडाच घमघमत होता. त्या एवढ्या घाणीत आणखी एक घाण बाईला वेगळी कळली नाही. मला कळली होती, पण मी तेव्हा गप्प बसलो. चांगली गोष्ट लगेच खर्चायची नसते.

पाऊस सुरू झाला आणि भिकाजीची सकाळ सुरू झाली. अंधार असतानाच तो निघायचा. अंगात बनियन, खाली आखूड चड्डी, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टिक, कंबरेला सुंभ. कोरडी पँट आणि शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी पोटाशी, प्लास्टिकच्या आत बांधलेली; त्यामुळे समोरून पाहणाऱ्याला बाप्या सात महिन्यांचा गरोदर दिसायचा. पायात काही नाही. बोटांच्या बेचक्यांत भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, चिखल्या होऊ नयेत म्हणून. तरी व्हायच्याच. श्रावणापर्यंत त्याच्या बोटांमधली कातडी चहात बुडवलेल्या पावासारखी सुटली होती आणि तो सोप्यावर बसून, माझ्याशी गप्पा मारत, ती सोलायचा. मी त्याला कितीदा सांगितलं, "अरे, घरी सोल." तर म्हणे, "घरात काळोख आसा, भावोजीनू."

रस्ता तर काय सांगावा! खाणीची तांबडी माती उतरून सगळा रस्ता म्हणजे नुसती राड. त्या राडीतून हा जायचा आणि याच्या मागे कुत्रे. आधी दोन होते, आषाढात सात झाले. भुंकायचे नाहीत, जीभ काढून, भक्तिभावानं मागून चालायचे, आणि चढावर सायकल हळू झाली की मागचं चाक चाटायचे. मी सायकलीचं नाव 'तारली' ठेवलं. चार दिवसांत सगळ्या वाड्यानं ते उचललं. पोदेर पाव घेऊन आला की विचारायचा, "तारली गेली?" तारली गेली म्हणजे साडेपाच झाले.

पण एक सांगतो, आणि सांगताना माझंच तोंड कडू होतं. त्या पावसात गावातल्या एकूणएक सायकली गंजल्या. माझी साखळी हातात तुकडा येऊन तुटली. तारली मात्र लोण्यासारखी चालायची. आवाज नाही, अडकणं नाही. जूनपासून एक खाडा नाही, एक मिनिट उशीर नाही.

मग श्रावण लागला. घरोघर सुक्या मासळीची मडकी फडकी बांधून माळ्यावर गेली, चुली सारवल्या, भांडी चिंचेनं घासली. सगळ्या वाड्यावरचा वास गेला. सरस्वतीबायच्या घरचा गेला नाही.

बाईनं आधी मांजराला दोष दिला आणि त्याला हाकललं. मग मोरी धुतली. मग माळ्यावरचं मडकं गड्याकडून परसात पुरून घेतलं, खारे बांगडे भरलेलं. तरी वास आहेच. देवाची फुलं ताटात ठेवली की फुलांना तारल्यांचा वास. तिसऱ्या दिवशी ती माझ्या सोप्यापुढे येऊन रडकुंडीला आली. "भावोजी, माझ्या घरात काय तरी मेलंय हो. कसं शोधू?"

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? मी तीन महिने ती गोष्ट जपून ठेवली होती. एवढं गोड कुणाच्यानं पोटात राहील? मी म्हटलं, "मेलं नाही, बाय. रोज सकाळी साडेपाचला उठून शिरगावला जातं."

तिला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तशी ती पदर खोचून निघाली. मीही निघालो. कुणीतरी मध्ये असावं म्हणून.

"करंजेल रे? करंजेल?" ती पडवीच्या दारात उभी राहून ओरडली. "श्रावणात माझ्या भिंतीला तारले लावलेस?"

"भिंतीक नाय, काकीनू. सायकलीक."

"सायकल खंय टेकतां?"

"...भिंतीक."

"भायर काड! आत्ताच्या आत्ता! घराबाहेर, गोठ्याच्या पलीकडे. आणि ते काळं तोंड घेऊन माझ्या विहिरीजवळ यायचं नाही. पाणी मी भरून ठेवीन, लांबून घे."

भिकाजीनं सायकल उचलली आणि गोठ्यामागल्या गवताच्या खोपीत नेऊन ठेवली. जाताना माझ्याकडे एकदा बघितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. बाईनं पडवी तीनदा गोमूत्रानं धुतली. मला वाटलं, संपलं.

गवताच्या खोपीत उंदीर असतात हे आम्हां तिघांनाही माहीत होतं, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आठ दिवस त्यांनी बहुधा चव बघितली असावी. नवव्या दिवशी, श्रावणातल्या सोमवारी, पहाटे मी भिकाजीची हाक ऐकली. हाक कसली, गोरू हंबरतं तशी.

मी कंदील घेऊन गेलो. मागचा टायर नव्हताच. म्हणजे होता, पण काकडीच्या सालासारखा लोंबत होता. आतली ट्यूब चघळून, थुंकून टाकलेली. सीटच्या चामड्याला दातांची नक्षी. खाली लेंड्यांचा सडा, आणि त्या सड्यात भिकाजी गुडघ्यांवर बसलेला. त्याच्याजवळ दोन ट्यूब होत्या. आठ ब्रेकरबरं होती. टायर एकही नव्हता, आणि डिचोलीचं दुकान नऊला उघडायचं. माझ्या साखळीचा तुकडा माझ्या खिडकीत पडलेला. वाड्यावर दुसरी धड सायकल नाही.

"किती वाजले, भावोजीनू?"

"सव्वापाच झाले असतील."

"ह्या राडीत धावत गेलंय तरी पोचूचंय नाय," तो म्हणाला. "चतुर्थीक पंधरा दिस उरले होते."

एवढंच. देवकीचं नाव त्यानं घेतलं नाही. प्लास्टिक गुंडाळून, पोटाशी कपड्यांची पिशवी घेऊन तो तसाच बसला होता, आणि मी कंदिलाची वात उगाच वर-खाली करत होतो. 

सरस्वतीबाय तेव्हा विहिरीवर होती. ओलेती, सोवळ्यात, सोमवारच्या पूजेचं पाणी काढत होती. तिनं लांबूनच कंदिलाच्या उजेडात सगळं पाहिलं.

"टायर खाल्लो?"

"होय, काकीनू."

तिनं बाल्दी काठावर टेकवली. मग म्हणाली, "नाकेबंदीच्या वर्षांत आमच्या घरात टायर नव्हता. हिंदुस्थानातून काहीच येत नव्हतं. आमचे हे दोन वर्षं दोरावर सायकल चालवत होते. रिमच्या खोबणीत काथ्याचा दोर, चार वेढे, ओला करून, घट्ट. टोक स्पोकांना. मीच ओढून धरायची."

"दोर खय मेळतलो आता?"

विहिरीवर कप्पी होती आणि कप्पीवर दोर होता. जाड, काथ्याचा, पाणी पिऊन फुगलेला. त्याच दोरानं तिच्या देवाचं पाणी यायचं. घरच्या गड्यालासुद्धा त्याला हात लावायची मुभा नव्हती. एकदा मी नुसता त्याला टेकून उभा राहिलो तर तिनं तो राखेनं घासला होता. भिकाजीनं दोराकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याची छाती नव्हती.

तिनंच बाल्दी सोडली. कप्पीवरून दोर ओढला, गोळा केला, आणि दहा पावलांवरून त्याच्या अंगावर फेकला.

"घे, मेल्या! आणि परत आणू नकोस. त्या तारल्यांना लागलेला दोर माझ्या दारात दिसला तर त्यानंच तुला बांधीन."

पुढचं काम मला करावं लागलं. कुणीतरी चाक धरायला हवं होतं ना! भिकाजी दोर ओढत होता, मी रिम धरली होती, आणि ते तेल माझ्या मनगटांपर्यंत आलं. बाई लांब उभी राहून नाकाला पदर लावून सांगत होती, "आवळ! आणखी आवळ! भावोजी, धरा नीट, सोमवार आहे म्हणून नाजूकपणा नको." मी आयुष्यात एवढी शिसारी अनुभवली नाही. दहा दिवस हात लिंबानं घासले. आमच्या घरच्या माणसांनी मला चमच्यानं जेवायला लावलं.

तो गेला तेव्हा साडेपाच उलटून गेले होते. ओल्या दोराचं चाक चिखलात धपाक्-धपाक् वाजत होतं, आणि मागे सात कुत्रे.

खाणीवर काय झालं ते बाबुरावनं मला पुढे सांगितलं. सहाचा भोंगा झाला. भिकाजी नाही. बाबुराव उठला, पंपाच्या दांड्याला हात घातला. साहेब छत्रीखाली उभा राहून घड्याळ बघत होता.

"मग?" मी विचारलं.

"मग कसलं? वारा खालून वर येत होता. दांडा ओढणार तेवढ्यात नाकात वास शिरला. म्हटलं, आला मेला. माणूस वळणाच्या पलीकडे, वास माझ्यापाशी! साहेबाला म्हटलं, तो पोचला, साहेब. साहेब म्हणतो, कुठे आहे? म्हटलं, श्वास घ्या."

साहेबानं श्वास घेतला आणि लगेच रुमाल काढला. दोन मिनिटांनी वळणावर कुत्रे दिसले, मग भिकाजी. पंप बंद झालाच नाही. साहेबानं नाकावर रुमाल धरूनच हजेरी लिहिली, वेळेवर म्हणून. मला वाटतं, भिकाजी लवकरात लवकर समोरून जावा एवढ्यासाठीच लिहिली असेल.

इकडे सरस्वतीबायच्या देवाला त्या दिवशी आमच्या विहिरीचं पाणी न्यावं लागलं. माझा दोर तिनं आधी राख लावून घासला, मग वापरला. जाताना म्हणाली, "भावोजी, तुमच्या जिभेला उंदीर लागायला हवे होते."  काही बोलणी माणसानं गिळावीत. त्या सकाळी तसंही तोंडात दुसरं काही जात नव्हतं.

चतुर्थी झाली. भिकाजी कायम झाला. त्यानं आरोंद्याला कार्ड टाकलं. कायम झालो, देवकीला धाडा, आणि सायकलीपायी काकींच्या विहिरीचा दोर गेला, तो द्यायचा आहे. पोस्टमननं कार्ड मला वाचून दाखवलं. सुरेख लिहिलं होतं.

आश्विनात देवकी आली. किरणपाणीची फेरीबोट, पेडण्याची बस, डिचोलीची बस. गोल चेहऱ्याची, हसरी पोर. डोक्यावर कपड्यांचं बोचकं आणि खांद्यावर काथ्याच्या नव्याकोऱ्या दोराचं भलं मोठं वेटोळं. मी सरस्वतीबायच्या सोप्यावर चहा घेत होतो, पहिल्यांदा बोलावलं होतं तिनं त्या प्रकारानंतर.

देवकी वाकून पाया पडली. "काकीनू, बाबांनी दोर धाडल्यानी. घरात वळलेलो. तीन महिन्यांच्या जागेर तीन वर्षां जातलो."

बाई विरघळली. दोरावरून हात फिरवू लागली. तिपदरी, घट्ट, एकसारखा वळलेला. "कसो सुरेख गो! तुझ्या बापाशीक सांग..." आणि तिथे ती थांबली. हात हळूच नाकाशी नेला.

"देवकी, ह्याला काय लावलंय?"

"त्याल लायला, काकीनू," देवकी अभिमानानं म्हणाली. "बाबा म्हणाले, पाण्यातलो दोर, पावसात कुसतलो. तीनदा पाजल्यानी."

मी चहाचा पेला खाली ठेवला. पडवीच्या दाराआडून भिकाजीचं अर्धं तोंड दिसत होतं, पांढरं पडलेलं. मला आता कळलं, पेडण्याच्या बसमध्ये तिच्या आजूबाजूची तीन बाकं रिकामी का होती ते. देवकी आल्या आल्या कौतुकानं सांगत होती, "गोव्यातली माणसां खूप चांगली, माका सगळ्यांनी जागा दिल्यानी."

सरस्वतीबायनं त्या पोरीकडे पाहिलं. वेटोळ्याच्या काथ्यानं तिचा खांदा लाल झाला होता. मग माझ्याकडे पाहिलं, असं पाहिलं की माझं तोंड उघडायच्या आधीच मिटलं.

"चांगलो आसा," ती म्हणाली. "आत ये, पाय धू."

तो दोर तिनं राखेनं, शिकेकाईनं, चिंचेनं, आणखी कशाकशानं आठ दिवस धुतला. आठ दिवस कुंपणावर वाळत होता आणि वर घारी फिरत होत्या. नवव्या दिवशी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, तिच्या विहिरीच्या कप्पीवर. बाई ओलेती, सोवळ्यात, नाकाला पदर बांधून देवाचं पाणी काढत होती. भिकाजी शेजारी उभा होता. विहिरीजवळ. त्याला कुणी हाकलत नव्हतं.

त्या दिवसापासून मी त्या घरी पाणी प्यायलेलो नाही. देवकीचा चहा घेतो. तो उकळलेला असतो.